मत्स्यपात्र केवढें असावें?

उन्हाळ्याची सुटी लागली, कीं मुलांच्या मागण्यांची यादी वडील मंडळींपुढें येऊं लागते, आणि तींत रंगीत माशांचें नांव बहुधा असतेंच. मुंबईस मरीन ड्राइव्हवर १९५१ सालीं तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालें. तेव्हांपासून काचेआडच्या माशांचें वेड आपल्याकडील दोन-तीन पिढ्यांस लागलेलें आहे. ज्या घरांत मासा स्वयंपाकघराचा उंबरा कधीं ओलांडीत नाहीं, त्या घरांतही तो दिवाणखान्यांत मोठ्या मानानें येऊन बसतो. आमचा ह्या छंदास मुळींच विरोध नाहीं. मुक्या जीवाची निगा नित्यनेमानें राखण्याचें शिक्षण मुलांस त्यांतून मिळतें, हें आम्ही मोठेंच समजतों. परंतु त्याचा आरंभ पुष्कळ घरीं ज्या रीतीनें होतो, ती रीत आम्हांस पसंत नाहीं. बाजारांतून काचेचा एक वाटोळा गोळा येतो, त्यांत दोन सोनेरी मासे येतात, आठ दिवस कौतुक चालतें, आणि एके सकाळीं एक मासा उताणा तरंगतांना दिसतो. मुलें रडतात, आजीबाई हळहळतात, आणि संध्याकाळीं नवा मासा आणून रडें थांबविलें जातें. हा दोष नशिबाचा नव्हे, बहुधा माशाचाही नव्हे. तो भांड्याचा आहे.

नवशिक्यानें लहान पात्रापासून सुरुवात करावी, ही समजूत सर्वत्र आढळते. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. पाणी जितकें थोडें, तितकें तें लवकर तापतें, लवकर निवतें आणि लवकर नासतें. हें प्रत्यक्ष पाहावयाचें असेल, तर वसई तालुक्यांतील नंदाखालसारख्या गांवीं जावें. विरारच्या पश्चिमेस असलेल्या ह्या बागाईती गांवांत व त्याच्या शेजारपाजारीं केळी, फुलें व भाजीपाला ह्यांच्या वाड्यांमधून ‘बावखलें’ दिसतात. पावसाचें पाणी सांठावें, जमिनींत मुरावें, वाडीस मिळावें आणि आसपासच्या विहिरी गोड्या राहाव्या, ह्या हेतूनें वाडवडिलांनीं खणलेलीं हीं तळीं. त्यांत पालापाचोळा पडतो, गुरें उतरतात, मासे व बेडूक नांदतात. कोणी त्यांचें पाणी बदलीत नाहीं, तरी मासे जगतात. कारण पाणी पुष्कळ, पृष्ठभाग विस्तीर्ण, आणि तळच्या गाळांत सूक्ष्म जंतूंची वस्ती जुनी. काचेच्या गोळ्यांत ह्यांपैकीं एकही गोष्ट नसते. हवेंतील प्राणवायु पाण्यांत शिरतो तो पृष्ठभागांतून; आणि गोळा कांठोकांठ भरला म्हणजे त्याचें तोंड तेवढें अरुंद होतें.

ह्या सूक्ष्म जंतूंचें कार्य गृहिणींस समजावून सांगण्याची फारशी गरज नाहीं, कारण दह्याचें विरजण त्यांच्या रोजच्या परिचयाचें आहे. मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलें अन्न कुजूनही तोच तयार होतो. हा अमोनिया माशास विषासमान. जंतूंची एक जात त्याचें नायट्राइट करते, तेंही घातकच. दुसरी जात नायट्राइटाचें नायट्रेट करते, आणि तें थोड्या प्रमाणांत असल्यास मासे सहन करतात, पाणवनस्पति तर तें आनंदानें शोषून घेतात. नव्या पात्रांत हे जंतु नसतात. त्यांची वस्ती पुरी होण्यास साधारणतः ४ ते ६ आठवडे लागतात. पहिल्याच दिवशीं डझनभर मासे सोडणारा गृहस्थ दुधांत विरजण न घालतांच दह्याची वाट पाहत असतो. ज्यांच्या घरीं जुनें निरोगी मत्स्यपात्र असेल, अशा स्नेह्यांकडून गाळणीच्या स्पंजाचा एक तुकडा किंवा मूठभर वाळू ओलीच आणून नव्या पात्रांत घालावी, म्हणजे हा काळ बराच कमी होतो. अशी सोय नसेल, तर माशांशिवायच गाळणी चालू ठेवून रोज अन्नाची चिमूट टाकीत जावें. पुढें प्रथम दोन-तीनच मासे आणावे, व पंधरवड्याच्या अंतरानें बाकीचे.

पाश्चात्य देशांतही हा समतोल प्रयोगानेंच कळला. लंडनचे रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन ह्यांनीं १८५० सालीं आपला अनुभव प्रसिद्ध केला. मोठ्या काचपात्रांत त्यांनीं दोन लहान सोनेरी मासे व वालिस्नेरिया नांवाची पाणवनस्पति ठेविली होती. वनस्पतीचीं सडकीं पानें पाणी गढूळ करूं लागलीं, तेव्हां तीं खाण्यास गोगलगायी सोडल्या, आणि पाणी निवळलें. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांतील मत्स्यगृह त्यानंतर, १८५३ सालीं, लोकांस खुलें झालें. आधीं पाण्याची व्यवस्था, मग माशांची शोभा, हा क्रम घरींही पाळावा.

आतां मापाचें पाहूं. आमच्या मतें प्रथम पात्र घ्यावयाचें तें २ फूट लांब, १ फूट रुंद व १ फूट उंच असावें. त्यांत कांठापर्यंत सुमारें ५६ लिटर पाणी मावतें. वाळू घालून व वर थोडी जागा सोडून ४५ लिटरांच्या आसपास राहतें. पाणी, वाळू व काच मिळून भार ७० किलोंच्या घरांत जातो. तेव्हां जुन्या तिवईवर किंवा पुस्तकांच्या फळीवर पात्र ठेवूं नये. मजबूत व सपाट चौरंगी मेज पाहावें. जागा खिडकीच्या उन्हांतली नको, नाहींतर पाणी तापेल व काचेवर शेवाळ माजेल. वर झांकण अवश्य असावें. झेब्रासारखे मासे उडी मारतात, आणि घरांतील मांजरासही ह्या छंदांत रस असतो. वीज गेली व हवेचा पंप दोन तास बंद पडला, तर एवढ्या पाण्यांतले थोडे मासे तग धरतात. गोळ्यांतल्यांची तशी खात्री देतां येत नाहीं.

माशाची निवड करतांना तो दुकानांत केवढा दिसतो हें न पाहतां, वाढून केवढा होईल हें विचारावें. शतपथ ब्राह्मणांतील मनूची कथा आपल्या घरांत सर्वांस ठाऊक आहे. हात धुण्याच्या पाण्यांतून आलेला इवलासा मासा मनूनें प्रथम कुंभांत ठेविला. कुंभ पुरेना तेव्हां खड्डा खणून त्यांत, आणि खड्डाही पुरेना तेव्हां समुद्रांत नेला. मनूपाशीं समुद्र होता. आपल्यापाशीं सदनिकेचा दिवाणखाना आहे. चीनमधून जगभर गेलेला सोनेरी मासा सहा-आठ इंच वाढतो, दहा वर्षें व त्याहूनही अधिक जगतो, आणि पाणी फार घाण करतो. तेव्हां गोळ्यांत सर्रास ठेविला जाणारा हाच मासा गोळ्यास सर्वांत अयोग्य आहे, व दोन फुटी पात्रासही तो नको. ‘काच साफ करणारा’ म्हणून विकला जाणारा सकर मासा दक्षिण अमेरिकेचा. बोटाएवढा म्हणून घरीं आणावा, तों तो वाढत वाढत फूटभर किंवा त्याहूनही लांब होतो.

मग कोणते मासे घ्यावे? दोन जाती आम्ही निःशंकपणें सुचवितों. पहिला गप्पी. डासांच्या अळ्या खातो म्हणून नगरपालिका हाच मासा पाण्यांत सोडतात. त्रिनिदादचे संशोधक गप्पी ह्यांनीं १८६६ मध्यें त्याचे नमुने ब्रिटिश म्यूझियमकडे पाठविले, त्यावरून हें नांव पडलें. मादी दर महिन्याच्या सुमारास वीस-तीस पिलें देते, म्हणून प्रथम केवळ नरच आणावे. दुसरा झेब्रा. हा तर आपल्याच देशचा. १८२२ सालीं हॅमिल्टन ह्यांनीं गंगेच्या माशांवरील ग्रंथांत त्याचें वर्णन केलें, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो पाळला जातो. झेब्रा कळपानें राहणारा, म्हणून सहांहून कमी ठेवूं नये. वरील मापाच्या पात्रांत आठ झेब्रा किंवा आठ गप्पी, दोहोंपैकीं एकच जात, इतकें पुरे. सयामी फायटर हा पृष्ठभागावर येऊन हवा घेऊं शकतो, म्हणून दुकानदार त्यास बाटलींत ठेवतात. पण बाटलींत जिवंत राहणें म्हणजे सुखानें राहणें नव्हे. त्यास एकट्यासच, निदान २० लिटर पाण्यांत ठेवावें.

पाण्यासंबंधीं थोडेंसें. नळाच्या पाण्यांत क्लोरीन असतो; तें पाणी उघड्या बादलींत एक दिवस ठेवून मग वापरावें. समुद्रालगतच्या गांवीं विहीर मचूळ असेल, तर गप्पी तें पाणी बरेंच सोसतो. दर आठवड्यास चतुर्थांश पाणी काढून नवें घालावें. सर्व पाणी उपसून, वाळू व स्पंज नळाखालीं धुऊन लख्ख करण्याची हौस गृहिणींनीं आवरावी, कारण त्यांत कष्टानें वसलेले जंतु मरतात. स्पंज धुणें तर काढलेल्या जुन्या पाण्यांतच. तें पाणीही फेकूं नये. तुळशीस, मोगऱ्यास किंवा केळीच्या आळ्यास तें उत्तम खत आहे.

एकत्र कुटुंबांत एक संकट निराळेंच असतें. तेथें मासे उपाशी मरत नाहींत, खाऊन मरतात. सकाळीं आजोबा चिमूट टाकतात, दुपारीं काकू भाताचीं शितें टाकतात, शाळेंतून आलेलीं मुलें बिस्किटाचा चुरा टाकतात, आणि प्रत्येकास वाटतें कीं आपणच काय तें लक्ष दिलें. म्हणून एकाच व्यक्तीकडे हें काम असावें, व दोन मिनिटांत संपेल इतकेंच अन्न दिवसांतून एकदां द्यावें. हें काम घरांतल्या दहा-बारा वर्षांच्या मुलास किंवा मुलीस सोंपवावें आणि इतरांनीं, वडिलांनींदेखील, त्याच्या परवानगीवांचून डबीस हात लावूं नये. लहान वयांत खरी जबाबदारी मिळण्याचे प्रसंग मोठ्या घरांत थोडेच असतात.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. छंदाचा कंटाळा आला, परीक्षा आली किंवा मासा मोठा झाला, म्हणजे कित्येक घरें त्यास ‘मुक्त’ करतात. पुण्य लागेल अशी भाबडी समजूतही त्यांत असते. हें पुण्य नव्हे. सकर मासा भारतांतील अनेक जलाशयांत असाच पोहोंचला. चिलखती अंगामुळें त्यास शत्रु थोडे, आणि कांठांत बिळें करून तो बांध पोखरतो. वसईकडील पुष्कळ बावखलें भराव घालून बुजविलीं गेलीं आहेत. जीं उरलीं तीं राखण्यासाठीं, गाळ काढण्यासाठीं तेथील मंडळी झटत आहेत. अशा पाण्यांत परदेशी मासा सोडणें म्हणजे तेथल्या देशी माशांच्या घरांत न बोलावलेला पाहुणा कायमचा बसविणें होय. नको असलेला मासा दुकानदारास परत द्यावा, किंवा मोठें पात्र असलेल्या स्नेह्याकडे पोहोंचवावा. ही सोय कोठें होईल, हें मासा आणण्यापूर्वींच विचारून ठेवावें; आणि ती होत नसेल, तर तो मासा त्या वर्षीं आणूं नये.