तयार रोल विकत घेणं बंद करा

माझ्या फिल्म लोडरचा दांडा तुटला म्हणून गेल्या रविवारी हथखोजच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका शेडमध्ये गेलो होतो. लेथवाल्याने वीस मिनिटांत नवा दांडा करून दिला. तोवर मी दाराशी रचलेले लोखंडी अँगल बघत होतो. सगळे पूर्ण लांबीचे. सहज विचारलं, कापलेले तुकडेच का आणत नाही? तो हसला. "साहब, कटा हुआ लेंगे तो खाएँगे क्या?"

त्या एका वाक्यात माझा अख्खा लेख आहे. भिलाईत लोखंडावर जगणाऱ्या माणसाला जे कळतं, ते फिल्मवर फोटो काढणाऱ्या आपल्या मंडळींना कळत नाही. छत्तीस फ्रेमचा तयार रोल म्हणजे कापलेला तुकडा. आपण वर्षानुवर्षं तुकडेच घेतो आणि वर म्हणतो, "फिल्म हा श्रीमंतांचा शौक आहे बाबा."

हिशेब करू. कृष्णधवल फिल्म शंभर फुटी डब्यात मिळते, म्हणजे साडेतीस मीटर. 35 मिमी कॅमेऱ्यात एक फ्रेम आठ छिद्रं सरकते, म्हणजे 38 मिमी. छत्तीस फ्रेमना साधारण 1.37 मीटर. सुरुवातीचं तोंड आणि शेवटची शेपटी धरून 1.65 मीटर समजा. एका डब्यातून अठरा रोल आरामात निघतात. डब्याची किंमत अठराने भागा आणि तो आकडा दुकानातल्या रोलच्या किमतीशेजारी लिहा. एवढंच करायचं आहे. काही कंपन्यांचा डबा सुट्या रोलच्या भावातच पडतो. तो घेऊ नका. केंटमेअर, फोमापॅन, इलफर्ड, सगळ्यांचे डबे असे भागून बघा आणि मग ठरवा.

बचत फक्त भावातही नाही. नवीन लेन्स तपासायची आहे, बारा फ्रेम पुरेत, तर बाराच भरा. तयार रोलमध्ये उरलेल्या चोवीस फ्रेम कशावर तरी उडवाव्या लागतात.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: "घरी भरलेल्या रोलवर ओरखडे येतात, धूळ बसते, प्रकाश जातो." ज्याने आयुष्यभर स्वतःची मॅगझीन स्वतः भरली, त्याने हे बोलावं याचं मला नवल वाटतं. रंगरूट असताना उस्तादांनी काय शिकवलं? भरण्याआधी मॅगझीन पुसा, स्प्रिंग दाबून बघा. इथेही तेच. कॅसेटच्या तोंडाला मखमलीची पट्टी असते. तिच्यात वाळूचा एक कण अडकला तरी पूर्ण रोलभर सरळ रेघ उमटते. पट्टी साफ करा, झिजलेली कॅसेट फेकून द्या. दांडा हळू फिरवा, कोरड्या हवेत झटके दिले तर स्थिर विजेच्या ठिणग्या फिल्मवर उमटतात. डबा लोडरमध्ये घालताना पूर्ण अंधार हवा. लाल दिवा चालत नाही, कारण ही फिल्म लाल रंगही पाहते.

माझी चूकही सांगतो. एका साथीदाराच्या निवृत्तीच्या दिवशी मी दोन रोल काढले. एका कॅसेटचं झाकण ढिलं होतं, बॅगेत उघडलं. त्याचा शेवटचा सॅल्यूट त्या रोलवर होता. तो काही बोलला नाही, पण त्याच्या घरच्या भिंतीवर तो फोटो नाही आणि याला जबाबदार मी आहे. लोडर नाही. झाकण दाबून बघायला दोन सेकंद लागतात, ते मी दिले नव्हते.

दुसरा आक्षेप: "हे परदेशी फॅड आहे." मग दादासाहेब फाळक्यांचं घर आठवा. 1912 साली ते लंडनहून कॅमेरा आणि छिद्रं पाडायचं यंत्र घेऊन आले. कच्ची फिल्म तेव्हा बिनछिद्रांची यायची. सरस्वतीबाई अंधारात बसून तिला छिद्रं पाडायच्या. 1913 चा 'राजा हरिश्चंद्र' त्या फिल्मवर उभा आहे. आपल्याला तर छिद्रं पाडलेली फिल्म मिळते, फक्त कापून गुंडाळायची आहे. तेवढाही आळस?

आणि परदेशी म्हणाल तर, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची 'इंदू' फिल्म अनेकांनी वापरली असेल. भिलाईसारखाच तोही सरकारी कारखाना होता. भिलाईची भट्टी पेटती आहे, उटीला फिल्म बनणं थांबलं. आता प्रत्येक फूट बाहेरून येतो. म्हणून तर तो जपून कापायचा.

तिसरा: "मोबाईल आहे ना!" आहे. माझ्या दोन पोस्टिंगचे फोटो एका मोबाईलबरोबर गेले. वडिलांच्या पलटणीचे नेगेटिव्ह मात्र पत्र्याच्या ट्रंकेत अजून आहेत आणि त्यांचे प्रिंट आजही निघतात. (जिथे कॅमेरा मना आहे तिथे फिल्म कॅमेराही मनाच आहे. त्यात पळवाट शोधू नका.)

मात्र हे सगळ्यांसाठी नाही. वर्षाला चारच रोल काढत असाल तर डबा पडून जुना होईल. तुम्ही तयार रोलच घ्या. स्वस्त पडतं म्हणून दुप्पट काढत सुटलात तरी बचत शून्य. भिलाईच्या मे महिन्यात डबा फ्रिजमध्ये ठेवा आणि वापरण्याआधी काही तास बाहेर काढून ठेवा, नाहीतर दव धरेल.

एकट्याला डबा जड जात असेल तर लंगरचा नियम लावा. तिथे आटा पोत्याने येतो, पाकिटाने नाही. तीन-चार जण मिळून एक डबा आणि एक लोडर घ्या, कॅसेटवर नाव आणि तारीख लिहा. पहिला रोल बारा फ्रेमचा भरा, धुवून बघा, आणि मगच कुणाच्या निवृत्तीच्या समारंभाला न्या.

जय हिंद.