जू, रुमणे आणि योक

वार्षिक अंकासाठी लेख मागविल्याची सूचना फलकावर लागली तेव्हा मी सरांना माझा विषय सांगितला. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि विचारले, "घरच्या संगणकावर विमान चालविण्यासाठी हाताची साधने कशी निवडावीत? अरे, तू कला शाखेचा, त्यातून राहुरीचा. ह्याचा तुझ्याशी काय संबंध?" प्रश्न रागाने विचारलेला नव्हता, म्हणूनच तो मनात राहिला. त्याचे उत्तर देण्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम शब्दाकडे पाहू. लहान विमानात वैमानिकाच्या पुढ्यात अर्ध्या चाकासारखी जी मूठ असते तिला योक म्हणतात. इंग्रजीत योक म्हणजे बैलांच्या मानेवरचे जू. संस्कृतातील 'युग', आपले 'जू' आणि इंग्रजांचा 'योक' ही एकाच मुळाची भावंडे आहेत. ज्यांच्या गोठ्यात आजही जुने जू आढ्याला टांगलेले आहे त्यांनी तरी ह्या शब्दाला परका म्हणू नये. आमच्या घरची बैलजोडी विकून काही वर्षे झाली. नांगरट आता भाड्याच्या ट्रॅक्टरने होते. जू आणि शिवळा मात्र आण्णांनी विकल्या नाहीत.

१ ऑक्टोबर २०१७ रोजी काकडी येथे शिर्डीचा विमानतळ सुरू झाला तेव्हा मी लहान होतो. उसाला पाणी देताना वर आवाज झाला की दारे धरायचे सोडून मी आकाशाकडे पाही आणि पाणी भलत्याच वाफ्यात जाई. त्याबद्दल बोलणी खाल्ली, पण वैमानिक होण्याची इच्छा काही गेली नाही. दहावीनंतर विज्ञान शाखेच्या शिकवण्यांचा खर्च झेपण्यासारखा नव्हता म्हणून कला शाखा घेतली. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागते, हे नंतर कळले. आमच्या घरात माझ्या आधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही. कोणत्या दारातून गेल्यावर कोणती दारे बंद होतात, हे सांगणार कोण?

मागच्या वर्षी पुण्याच्या मामेभावाने नवा योक घेतला आणि जुना मला दिला. तो बिघडलेला होता. हात सोडला तरी विमान डावीकडे कलंडत असे. ह्या बिघडलेल्या योकपासून मी जे शिकलो ते नव्या योकने शिकविले नसते, म्हणून ते अनुभवाने सांगतो.

पहिली गोष्ट अशी, की आधी विमान ठरवा, मग साधन. सेस्ना १७२, एटीआर ७२, बोइंग ७३७ ह्यांना योक असतो. एअरबस ए-३२० ला योक नाही. तेथे वैमानिकाच्या बाजूला एक आखूड काठी असते. लढाऊ विमानांनाही काठीच. ज्याला एअरबसच चालवायचे आहे त्याने योक घेणे म्हणजे ट्रॅक्टरसाठी कासरा विकत घेण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट थोडी कडू आहे. चांगला योक पंधरा-वीस हजारांच्या पुढेच जातो आणि तेवढ्याने भागत नाही. योकने दोन कामे होतात. फिरविला की पंख कलतात, ओढला किंवा ढकलला की नाक वर-खाली होते. तिसरे काम म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळविणे, आणि ते पायांतल्या पेडलांचे असते. माझे ट्रॅक्टर चालविणारे मित्र पहिल्यांदा बसतात तेव्हा धावपट्टीवर योक गरगर फिरवितात, आणि विमान सरळ गवतात जाते. जमिनीवर योकने विमान वळत नाही. तेव्हा पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर योक घेऊ नका. मुठीला पीळ देता येणारी साधी काठी घ्या. तीत तिन्ही कामे एका हातात होतात आणि किंमत बरीच कमी पडते. ज्याच्या हाती फुकटचा योक आला त्याने हे सांगावे हे विचित्र दिसेल, पण कर्ज काढून हौस करण्याची आपल्याकडची रीत मला ठाऊक आहे. ती ह्या लेखाने वाढू नये.

तिसरी गोष्ट पोटातल्या भागांची. हाताची हालचाल संगणकाला कळविण्यासाठी स्वस्त साधनांत रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतो तसा घासत जाणारा भाग असतो. धूळ बसली, झीज झाली की तो खोटे सांगू लागतो. माझ्या योकचे दुखणे तेच होते. महागड्या साधनांत चुंबकावर चालणारे हॉल सेन्सर असतात. त्यांत काही घासत नाही, त्यामुळे ते टिकतात. एडविन हॉल ह्या शास्त्रज्ञाने त्यामागचे तत्त्व १८७९ मध्ये शोधले. दुकानात गेल्यास रंग आणि दिवे न पाहता एवढेच विचारा, की आत काय आहे, दांडा लोखंडाचा आहे की प्लॅस्टिकचा, आणि मूठ एकूण किती अंश फिरते. काही योक दोन्ही बाजूंना मिळून ९० अंशच फिरतात, काही १८० अंश. जास्त फिरणाऱ्या योकवर हाताची बारीक हालचाल नीट उमटते.

माझा योक मी बाजारपेठेतल्या टी.व्ही. दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेला. त्यांनी तो उघडला, फवारा मारून साफ केला आणि म्हणाले, "विमान पहिल्यांदाच आलं दुकानात." पैसे घेतले नाहीत.

आता बसविण्याविषयी. योकचा शिकंजा टेबलाला आवळून बसला पाहिजे. टेबल हलले की विमान हलते. घरात तसे भक्कम टेबल एकच होते, ताईच्या शिवणयंत्राचे. दिवसा ती ब्लाउज शिवते, रात्री यंत्र आत पाडून फळी लावली की तेथे माझे विमान. योकची मूठ मांडीच्या थोडी वर, कोपर शरीराजवळ आणि खांदे सैल राहतील अशी उंची ठेवावी. उंच टेबलावर अर्ध्या तासात खांदे भरून येतात.

मग संगणकाला योकची ओळख करून द्यावी लागते. मूठ दोन्ही टोकांपर्यंत फिरवून मध्य कोठे आहे ते दाखवावे. मध्यभागी थोडी मृत जागा ठेवावी, म्हणजे हात किंचित थरथरला तरी विमान डुलत नाही. ती फार ठेवली तर योक बधिर होतो. सर्वांत फसविणारी चूक अशी, की एकच काम दोन साधनांना नेमलेले असते. योकही पंख कलवतो आणि कोपऱ्यात पडलेली जुनी काठीही. एका औताला दोन औतकरी लावल्यावर तास सरळ कसा निघेल? विमान भुतासारखे वागू लागले की प्रथम ही यादी तपासावी.

शेवटची गोष्ट 'ट्रिम'. खऱ्या विमानात वेग बदलला की योकवर जोर येतो. तो सतत हाताने पेलायचा नसतो. ट्रिमचे चाक फिरवून जोर उतरवायचा, मग हात नुसता टेकलेला पुरतो. घरच्या योकमध्ये स्प्रिंग असते आणि ती नेहमी एकाच मध्याकडे ओढते, म्हणून येथे ट्रिम देत देत हात हळूहळू मध्यावर आणावा लागतो. योकवरचे एखादे बटण ट्रिमला नेमल्यावाचून उड्डाण करूच नये. हे कळण्यापूर्वी मी महिनाभर योकशी कुस्ती खेळत होतो.

एका रात्री ताई मागे उभी राहून पाहत होती. माझे तिसरे विमान धावपट्टीवर आपटले. ती म्हणाली, "तू लई आवळतोस रे. सर, मी बघते." ताईने बारावीनंतर शिक्षण सोडले. दोघांचा खर्च एकाच वेळी निघणार नव्हता. ही गोष्ट आमच्या घरात कोणी बोलत नाही. तिने सेस्ना ताशी ६५ नॉट, म्हणजे सुमारे १२० किलोमीटर वेगाने खाली आणली, जमीन जवळ आल्यावर योक किंचित, किंचितच मागे घेतला, आणि चाके टेकली. मी विचारले, कसे जमले? म्हणाली, "कापड ओढायचं नसतं. यंत्र नेतं, आपण नुसता हात ठेवायचा." आण्णा खाटेवरून ऐकत होते. म्हणाले, "रुमण्याचंबी तसंच असतंय."

ह्या एका रात्रीने माझे मत पक्के झाले. हाताचे शहाणपण आमच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. तीन जणांना ते तीन वेगळ्या अवजारांवर मिळाले. नवे अवजार आमच्यापुढे कोणी ठेवीत नाही, अडचण तेवढीच आहे. विमान शिकविणारे पहिले नामांकित यंत्रही मोठ्या विमान कारखान्यात जन्मले नव्हते. अमेरिकेच्या एडविन लिंक ह्या तरुणाने ते १९२९ च्या सुमारास वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यात, ऑर्गनचेच भाते वापरून केले. भजनाच्या पेटीला भाता असतो, त्याच जातीचे हे भाते. पुढे दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक ह्या यंत्रावर शिकले. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव ह्यांनी कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले आणि २०१६ च्या मुंबईतील प्रदर्शनात मांडले. गच्ची असो की शिवणयंत्राचे टेबल, सुरुवात हाताशी असलेल्या वस्तूनेच होते.

ह्यावर आक्षेप येईल, आणि आण्णांनी तो घेतलाच: "ह्यात पोटाला काय हाये?" खरे उत्तर असे, की सध्या काही नाही. घरी कितीही तास उडविले तरी परवान्याच्या हिशेबात एक मिनिटही धरले जात नाही. बारामतीला प्रशिक्षण मिळते, पण त्याचा खर्च आमच्या जमिनीच्या किमतीत मोजावा लागेल. तथापि दारे आम्ही समजतो तितकी बंदही नाहीत. खाजगी वैमानिकाच्या परवान्याला दहावी आणि वयाची १७ वर्षे पुरतात. भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय मुक्त विद्यालयातून नंतरही देता येतात. कला शाखेलाही वाट मोकळी करावी असा प्रस्ताव २०२५ मध्ये पुढे आल्याचे वर्तमानपत्रांत आले होते. ड्रोन चालविण्याच्या प्रमाणपत्राला दहावी आणि १८ वर्षे वय पुरते, आणि ड्रोनने फवारणीचे प्रयोग तर आपल्या शेजारी कृषी विद्यापीठातच होतात. हे सारे मला योक हाती आल्यावर शोधताना कळले, दहावीत कळले नव्हते. तो बिघडलेला योक आला नसता तर मी शोधलेच नसते.

म्हणून माझी सूचना अशी. आपल्या जिमखान्यात कॅरमचे बोर्ड आहेत, क्रिकेटचे साहित्य आहे. ते कोणी एकट्याने विकत घ्यावे असे आपण म्हणत नाही. तसाच एक योक, एक जोडी पेडल आणि एक बरा संगणक महाविद्यालयाने घ्यावा. 'फ्लाइटगिअर' ही प्रणाली फुकट मिळते. तिची पहिली आवृत्ती १९९७ मध्ये निघाली, आणि जगभरचे हौशी लोक तिच्यात भर घालीत आले आहेत. वही ठेवावी, नाव लिहावे, प्रत्येकाला वीस मिनिटे मिळावीत. मुलींच्या पाळ्या वेगळ्या काढून शेवटी ठेवू नयेत. त्या वीस मिनिटांतून कोणी वैमानिक होईल की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण "हे आपले नव्हे" हे वाक्य हात लावून पाहिल्यावर म्हटले जाईल, हात लावण्यापूर्वी नव्हे, एवढे नक्की होईल.

सर, आपण विचारले होते, ह्याचा तुझ्याशी काय संबंध. संबंध एवढाच, की जू आमच्या आढ्याला आहे आणि योक आमच्या टेबलावर आहे. सध्या रोज रात्री एक फेरी माझी आणि एक ताईची असते. तिची चाके अजूनही माझ्यापेक्षा हलकी टेकतात. मुक्त विद्यापीठाचा प्रवेश अर्ज मी आणून तिच्या शिवणाच्या पेटीत ठेवला आहे. तिने अद्याप हो म्हटलेले नाही, पण अर्ज परतही केलेला नाही.

— द्वितीय वर्ष, कला