हौसेला मोल नसते, हाताला असावे

परदेशातून जुन्या स्पोर्ट्‌स गाड्या आणाव्यात की आणू नयेत, या विषयावर कला शाखेच्या द्वितीय वर्षातील मुलीने लिहावे याचे काहींना नवल वाटेल. आमच्या घरी सायकलखेरीज दुसरे वाहन नाही आणि मला गाडी चालवता येत नाही. परंतु चेपलेला पत्रा पुन्हा सरळ कसा होतो हे मात्र मी कळू लागल्यापासून पाहत आले आहे. माझे वडील डेंटर आहेत. महामार्गालगत सातिवलीच्या बाजूला त्यांचे लहानसे गॅरेज आहे. तिथली बिले मी आठवीपासून लिहिते. बाबा सातवीपर्यंत शिकले, आई चौथीपर्यंत. त्यामुळे घरात आलेला कोणताही छापील कागद, मग तो विजेच्या बिलाचा असो की महानगरपालिकेच्या नोटिशीचा, शेवटी माझ्यापुढे येतो. हा विषयही असाच कागदातून माझ्याकडे आला.

२०२५ च्या पावसाळ्यात एक गृहस्थ गॅरेजवर आले. त्यांचे नातेवाईक इंग्लंडमध्ये असतात. तिथली १९७१ सालची एम.जी.बी. नावाची दोन माणसांची उघडी गाडी विकत घेऊन इकडे आणावी असा त्यांचा विचार होता. त्यांनी बाबांना मोबाईलवर फोटो दाखवले. दाराखालची पट्टी गंजून तिची चाळण झालेली होती. ते म्हणाले, "तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने खाल्लीय." बाबा हसून म्हणाले, "साहेब, मिठाचं आम्हाला काय सांगता? वसईत राहतो आम्ही. इथं हवाच खारट आहे." मग कागदांची चळत माझ्याकडे सरकवून म्हणाले, "वाच बघू, काय म्हणतंय सरकार."

दोन रात्री शब्दकोश मांडीवर घेऊन मी ते कागद वाचले. मला जे समजले ते थोडक्यात असे. परदेशातून वापरलेली मोटार आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, तिचे चक्र उजव्या बाजूला असावे आणि ती मुंबई बंदरातूनच यावी, असा आपल्याकडचा नियम आहे. म्हणजे मधल्या वयाच्या गाडीला दार बंद. अतिजुन्या गाड्यांना मात्र सवलत होती, पण ती १९५० पूर्वी बनलेल्या गाड्यांना. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने हा नियम बदलला आणि पन्नास वर्षांहून जुन्या गाड्या आणण्यास मोकळीक दिली.

वरवर पाहता हा बदल किरकोळ वाटतो. परंतु १९५० ते १९७५ हा काळ डोळ्यांसमोर आणला म्हणजे त्याचा अर्थ उमगतो. जग्वारची ई-टाइप १९६१ मध्ये आली, एम.जी.बी. १९६२ मध्ये, पोर्शेची ९११ त्यानंतर लगेच आणि जपानची डॅटसन २४० झेड १९६९ मध्ये. ज्या गाड्यांची चित्रे हौशी लोक भिंतीवर लावतात त्यांतील कितीतरी याच पंचवीस वर्षांत जन्मल्या. जुन्या नियमाने राजेरजवाड्यांच्या काळातील गाड्यांना वाट दिली होती, नव्या नियमाने ती धावपटू गाड्यांना दिली.

अर्थात वाट दिली म्हणजे ती फुकटची नव्हे. सीमाशुल्क आणि इतर कर मिळून रक्कम गाडीच्या मूळ किमतीच्याही वर जाते. शिवाय २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करायला २०,००० रुपये भरायचे. ती नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरणाला ५,००० रुपये. पाटीवर 'व्ही ए' ही अक्षरे येतात. एवढे करून गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर काढायची. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, तिचे मूळ रूप टिकलेले असावे.

हे कलम मी बाबांना दोनदा वाचून दाखवले. ते म्हणाले, "म्हणजे हातानेच करावं लागणार." त्यांच्या आवाजात मला पुष्कळ दिवसांनी उत्साह दिसला. हल्ली गॅरेजवर येणाऱ्या गाड्यांचे काम म्हणजे बहुधा बंपर काढा, नवा लावा. प्लास्टिकला हातोडी चालत नाही. पत्र्यामागे लोखंडी ठोकळा धरून, बोटाने चढउतार चाचपत, हलक्या ठोक्यांनी आकार परत आणणे ही विद्या बाबा चौदाव्या वर्षी चिपळूणहून येऊन कुर्ल्याच्या एका गॅरेजात प्रीमियर पद्मिनी टॅक्सींवर शिकले. त्या गाड्या तिथेच कुर्ल्यात, वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीत बनत. इटलीची फियाट आपली पद्मिनी झाली ती अशा हजारो हातांमुळे. तिच्या टॅक्सींना मुंबईत वीस वर्षांची मर्यादा होती, आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सी सेवेतून गेली. त्या दिवशी बाबा फारसे बोलले नाहीत. रात्री जेवताना एवढेच म्हणाले की, "माझी शाळा बंद झाली."

आता वादाकडे येते. हा विषय मी कँटीनमध्ये काढला तेव्हा एक मैत्रीण उसळून म्हणाली, "आमच्याकडे नळाला दिवसाआड पाणी, लोकलच्या दारात लोंबकळून माणसे कामाला जातात, आणि तू श्रीमंतांच्या खेळण्यांची बाजू घेतेस?" अर्थशास्त्र घेतलेल्या एकाने परकीय चलनाचा मुद्दा काढला. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. परंतु गाडी आली नाही म्हणून नळाला पाणी येणार नाही. उलट जो हौस करतो तो किमतीहून अधिक कर भरून करतो. आणि जुनी गाडी आली की तिच्यामागे काम येते. नवी परदेशी गाडी तयार होऊन येते. आपल्या वाट्याला फक्त धुणे-पुसणे. जुनी गाडी मोडकी येते. डेंटर, पेंटर, गॅस वेल्डिंगवाला, सीट शिवणारा, कार्बोरेटर जुळवणारा अशा पाच-सहा घरांची चूल तिच्यावर काही महिने पेटू शकते. म्हणून या गाड्या येऊ द्याव्यात असे माझे मत आहे.

मात्र माझी तक्रार निराळी आहे. ती समजण्यासाठी एक जुनी गोष्ट आठवावी. कसोटी क्रिकेटमधील ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी सचिन तेंडुलकरने २००२ मध्ये केली आणि त्याला फेरारी ३६० मोडेना ही गाडी भेट मिळाली. ती काही जुनी नव्हती, पण स्पोर्ट्‌स गाडी भारतात आणण्यावरून आपल्याकडे एवढा गाजलेला वाद दुसरा आठवत नाही. सुमारे १ कोटी १३ लाखांचे सीमाशुल्क सरकारने माफ करायचे ठरवले, त्यावर गहजब झाला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि अखेर ते शुल्क फियाट कंपनीने भरले. पुढे ती गाडी सुरतेच्या एका व्यापाऱ्याकडे गेली. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. परंतु त्या वादाची हकिगत वाचताना एक गोष्ट मनात राहिली. सारा प्रश्न शुल्क कोणी भरायचे एवढाच होता. आपल्याला गाडीची किंमत समजते, कराची समजते. ती राखणाऱ्या हाताची किंमत मात्र हिशेबात येत नाही.

त्या गृहस्थांच्या बाबतीत हेच झाले. माणूस सज्जन होता, चहा घेतला, बाबांना 'उस्ताद' म्हणाला. गाडीवर त्याचे खरे प्रेम होते. जहाजाचे भाडे, विमा, सीमाशुल्क, नोंदणी, सगळे आकडे त्याने आधीच मान्य करून ठेवले होते. त्यांत घासाघीस करता येत नाही हे त्याला ठाऊक होते. मग बाबांनी तीन महिन्यांच्या कामाची मजुरी सांगितली. ती सीमाशुल्काच्या दहाव्या हिश्शाएवढीही नव्हती. तो म्हणाला, "एवढे? अहो, ठोकायचंच तर आहे. निम्म्यात करा."

बाबा थोडा वेळ गप्प राहिले आणि मला म्हणाले, "लिही निम्मे." हातचे काम जाऊ नये, पावसाळ्यात गॅरेज रिकामे असते, माझी फी भरायची होती. हे सगळे मला कळत होते. तरीही माझे पेन हलेना. मी पहिलाच आकडा लिहिला, खाली कामाचे दिवस आणि तास मांडले आणि कागद त्यांच्या हाती दिला. "विचार करून सांगतो," असे म्हणून ते गेले.

आमच्या वसईचाच एक दाखला मला यासंबंधी नेहमी आठवतो. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीजांच्या घंटा इथून देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, मेणवलीला त्या आजही आहेत. घंटा सातासमुद्रापलीकडची, पण देवळात टांगली, पिढ्यान्‌पिढ्या वाजवली, म्हणून ती आपली झाली. वस्तू कोठून आली यापेक्षा तिचे इथे काय झाले हे महत्त्वाचे. जुनी मोटार काही घंटेसारखी रोज वाजणार नाही. नियमच तसा आहे, आणि तिचा धूर पाहता तो योग्यही आहे. मग ती आपली कशाने होणार? इथल्या माणसाने तिच्यावर केलेल्या कामानेच. ते काम निम्म्या दराने आणि बिननावाने करून घेतले, तर पन्नास वर्षांनीही ती भाड्याने आणलेली पाहुणीच राहील.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. पहिली, अशा गाडीच्या नोंदणीच्या कागदपत्रांत दुरुस्तीची वही असावी आणि तिच्यात काम करणाऱ्या कारागिराचे नाव व सही असावी. चित्राखाली चित्रकाराचे नाव असते, मग हाताने घडवलेल्या पत्र्याखाली का नसावे? दुसरी, या शुल्कातला थोडा वाटा आय.टी.आय.मध्ये जुन्या गाड्यांच्या पत्राकामाचा स्वतंत्र वर्ग चालवण्याकडे वळवावा आणि बाबांसारख्या, प्रमाणपत्र नसलेल्या माणसांना तिथे शिकवायला बोलवावे. कायदा मूळ रूप राखा म्हणतो. ते राखणारे हात वीस वर्षांनी कोठून येतील, याचे उत्तर आज कोणाजवळच नाही.

हे लिहिताना माझ्याकडेही एक बोट वळते. गॅरेजवर आता एकच मदतनीस आहे, तोही जाण्याच्या बेतात. बाबांची विद्या मी एकोणीस वर्षे जवळून पाहिली, पण हातोडी कधी धरली नाही. लहानपणी एकदा धरली तर त्यांनी काढून घेतली. म्हणाले, "तुला हे करायला लागू नये म्हणून तर मी करतोय." घरातून कॉलेजात आलेली मी पहिली, याचा त्यांना अभिमान आहे, आणि मला त्यांचा. तरी मनात येते की आम्ही शिकलो म्हणजे त्या हातांपासून सुटलो असे समजणारी आमची पिढी आणि "ठोकायचंच तर आहे" म्हणणारे ते गृहस्थ, यांत फारसे अंतर नाही. या सुट्टीत एक जुने मडगार्ड मागून घ्यायचे मी ठरवले आहे. बाबा हो म्हणतील असे नाही.

ते गृहस्थ अजून परत आलेले नाहीत. कदाचित त्या दिवशी मी बाबांचे काम घालवले असेन. बाबांनी मला याबद्दल एका शब्दाने विचारले नाही. मात्र तो अंदाजपत्रकाचा दुसरा कागद त्यांनी फाडून टाकलेला नाही. गॅरेजच्या भिंतीवर, गणपतीच्या फोटोखाली, तो खिळ्याला लावून ठेवला आहे. गाडी आली तर आकडा तोच राहील.