काळवीट, कायदा आणि .४५-७०

अमेरिकेतला एक मित्र हरणाच्या शिकारीसाठी लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल घेतोय. काडतूस .३०-३० की .४५-७०? माझं मत, सरळ .३०-३० घे. .४५-७० हे १८७३ चं लष्करी काडतूस. जवळजवळ अर्धा इंच जाडीची जड गोळी, खांद्याला दणका, आणि लांबवर ती झपाट्याने खाली येते. दाट झाडीत, जवळून ठीक.

आमच्या कोपरगावला लागून येवला तालुका. तिथे ममदापूरच्या उघड्या माळावर काळवीट आहेत. नर साधारण ३५-४० किलोचा. १९७२ च्या कायद्याने शिकार बंद, आणि ती बंदच हवी. पण रात्रीत कोवळं पीक फस्त झालेल्या शेतकऱ्याला तुम्ही (हो, पुण्यात बसून!) ‘किती गोड प्राणी’ म्हणू नका. नुकसानभरपाईची सरकारी तरतूद आहे. पंचनामा लगेच व्हावा, पैसे पुढच्या पेरणीआधी मिळावेत.