वीकेंडची एकेरी वाहतूक

वर्षातून दोन-तीनदा आम्ही सहकुटुंब मंगळवेढ्याहून पुण्याला मित्रांकडे येतो. आई-बाबा, बायको, पोरगी आणि डिकीत ज्वारी. दोन दिवस मॉल, मल्टिप्लेक्स, हॉटेलाबाहेर तासभर वेटिंग. पाहुणचाराबद्दल तक्रार नाही. पण निघताना "आता तुम्ही या" म्हटलं की उत्तर ठरलेलं.. "तिकडे बघायला काय आहे?"

मला हा प्रश्नच मान्य नाही. मित्राच्या घरी जायला टूरिस्ट स्पॉट कशाला लागतो?

बरं, यादीच हवी तर घ्या. दुष्काळात बादशहाची धान्याची कोठारं रयतेला खुली करणारे दामाजीपंत इथले. कान्होपात्रा इथली. गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा गेले ते इथेच, १३३८ साली. इथल्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पंढरपूर जेमतेम पंचवीस किलोमीटर. तिथवर तुम्ही येता आणि दर्शन घेऊन परस्पर परत फिरता!

कहर म्हणजे हीच मंडळी जानेवारीत पुण्याजवळ माणशी पैसे मोजून हुरडा पार्टीला जातात. अरे, हुरडा इथे आमच्या रानात आहे, फुकट, आणि भाजून द्यायला बाबा स्वतः बसतील!

अंतराचं कारण तर सांगूच नका. मंगळवेढा-पुणे जेवढं, पुणे-मंगळवेढा तेवढंच. आम्ही म्हातारी माणसं आणि लहान पोर घेऊन येतोच ना?

असो. या हुरड्याला या. यायचं नसेल तर निदान "नक्की येऊ" म्हणू नका. आई खरं धरून बसते.