मंद लेझर म्हणजे एकल फोटॉन नव्हे

राष्ट्रीय क्वांटम मिशनला एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांची मंजुरी मिळाल्यापासून 'एकेका फोटॉनच्या साहाय्याने अभेद्य संदेशवहन' अशा आशयाच्या मथळ्यांची रेलचेल झाली आहे. मात्र ज्या प्रश्नावर या दाव्याची सारी भिस्त आहे, तो बातम्यांत क्वचितच विचारला जातो: ते फोटॉन खरोखर एकेकटे होते काय?

लेझर मंद करत नेला की अखेरीस एकेक फोटॉन उरतो, हा समज चुकीचा आहे. स्पंदामागे सरासरी ०.१ फोटॉन इतका तो मंद केला, तर शंभरांपैकी सुमारे नव्वद स्पंद रिकामे जातात. जे रिकामे नसतात, त्यांपैकी सुमारे पाच टक्के स्पंदांत दोन किंवा अधिक फोटॉन असतात. त्यांतला एखादा वाटेत कोणी काढून घेतला, तर संदेश घेणाऱ्याला त्याचा सुगावाही लागत नाही. अभेद्यतेला तडा जातो तो येथेच.

याची कसोटी साधी आहे. बीमस्प्लिटर म्हणजे अर्धा प्रकाश आरपार सोडणारा व अर्धा परावर्तित करणारा आरसा. त्याच्या दोन्ही वाटांवर एकेक डिटेक्टर ठेवायचा. फोटॉन एकटा असेल, तर दोन्ही डिटेक्टर एकाच वेळी त्याची नोंद करणार नाहीत. प्रकाशाला केवळ तरंग मानले, तर अशा दुहेरी नोंदींचे गुणोत्तर १ च्या खाली जाऊच शकत नाही. ग्रँजिए, रोजे आणि आस्पे यांनी १९८६ साली फ्रान्समध्ये ते सुमारे ०.१८ पर्यंत खाली आणून दाखवले. लेझर कितीही मंद केला, तरी त्याचे गुणोत्तर १ च राहते.

मंद लेझर वापरणे हा दोष नव्हे. फसवे स्पंद मिसळून चोरी उघडकीस आणण्याची पद्धत जगभर मान्य आहे. आक्षेप आहे तो त्याला 'एकल फोटॉन' हे नाव देण्याला. आकडे प्रसिद्ध करणे अशक्य आहे, असेही नाही. जून २०२५ मध्ये आयआयटी दिल्ली व डीआरडीओ यांच्या प्रयोगाची घोषणा झाली, तेव्हा एक किलोमीटरहून अधिक अंतर, सेकंदाला सुमारे २४० बिट हा वेग आणि सात टक्क्यांहून कमी त्रुटी, हे सारे सांगितले गेले. आकडे समोर आले की त्यांची तपासणी होऊ शकते. विशेषणांची होऊ शकत नाही.

म्हणून 'एकल फोटॉन' म्हणणाऱ्या प्रत्येक प्रसिद्धिपत्रकात बीमस्प्लिटरच्या कसोटीचा आकडा असलाच पाहिजे. तो नसेल, तर पत्रकारांनी तो मागितला पाहिजे. खर्च होणारा पैसा जनतेचा आहे, आणि उद्या याच यंत्रणेवर विसंबणारी गुपितेही देशाचीच असणार आहेत.