धुराविषयीं उमेदवारांचें मत काय?

स्वच्छ हवा नको असें म्हणणारा उमेदवार अद्याप जन्मास यावयाचा आहे. आणि म्हणूनच ‘आम्ही स्वच्छ हवेच्या बाजूचे’ या वाक्यास कवडीचीही किंमत नाहीं. २०१९ च्या लोकसभा निवडणुकींत भारतीय जनता पक्षानें १०२ शहरांतील प्रदूषण पांच वर्षांत किमान ३५ टक्के उतरविण्याचें वचन दिलें, तर काँग्रेसनें हवेच्या प्रदूषणास राष्ट्रीय आरोग्याची आणीबाणी म्हटलें. प्रतिपक्षांचें असें एकमत झालें कीं मतदारानें सावध व्हावें. ज्या वचनांत कोणाचेंच कांहीं जात नाहीं, तें वचन नव्हे, शुभेच्छा होय. खरा प्रश्न नियमनाचा आहे: कोणाच्या धुराड्यावर, कोणी, किती दंड करावा?

जानेवारी २०१९ मध्यें केंद्र सरकारनें राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. हवेचीं राष्ट्रीय मानकें ओलांडणाऱ्या शहरांच्या यादींत सांगलीचें नांव आहे, साताऱ्याचें नाहीं. तेव्हां साताऱ्याचा उमेदवार हा प्रश्न सांगलीकरांवर सोंपवून मोकळा होऊं शकतो! परंतु यादी शहरांची असते. वारा पालिकेची शीव विचारून वाहत नाहीं. कऱ्हाडापासून मिरजेपर्यंत कारखान्यांचीं धुराडीं, गुऱ्हाळें, वीटभट्ट्या आणि पेटविलेलें पाचट यांना दोन जिल्ह्यांची सीमा ठाऊक नाहीं.

सांगलीला तरी यादीचा लाभ किती? दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेनें २०२४ सालीं दाखवून दिलें कीं देशभरांत या कार्यक्रमाचा ६४ टक्के पैसा रस्त्यांच्या धुळीवर खर्च झाला, उद्योगांच्या प्रदूषणावर एक टक्काही नाहीं. धूळ मत देत नाहीं, देणगीही देत नाहीं; तिच्यावर झाडू फिरविण्यास धैर्य लागत नाहीं. कारखानदारास नोटीस बजावण्यास मात्र तें लागतें.

आमच्या भागांत तर तें अधिकच लागतें. सहकारी साखर कारखान्यांनीं येथें संसार उभे केले, हें ऋण नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. सांगलीच्या कारखान्याशीं ज्यांचें नांव जोडलेलें आहे, ते वसंतदादा पाटील राज्याचे मुख्यमंत्री झाले. परंतु तेव्हांपासून कारखान्याचें कार्यालय आणि उमेदवारीचें दार एकाच ओसरीवर उघडत आलें. ज्याच्यावर नियम लागू करावयाचा, तोच अनेकदां नियम करणारांत जाऊन बसतो. अशा ठिकाणीं मौन हेंही एक मतच असतें.

नियमन हें कांहीं नवें खूळ नव्हे. मुंबई इलाख्यांत धुराच्या उपद्रवाविरुद्ध १९१२ सालींच कायदा झाला होता. १९८१ च्या हवा-प्रदूषण कायद्यांत तर कैदेची शिक्षा होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्यानें बहुतेक गुन्ह्यांपुरती ती काढून दहा हजारांपासून पंधरा लाख रुपयांपर्यंतचा दंड ठेवला. कधींच न दिली जाणारी कैद जाऊन खरोखर वसूल होणारा दंड आला, तर आम्हांस दुःख नाहीं. पण तो वसूल होतो काय, हें विचारणें हेंच लोकप्रतिनिधीचें काम.

‘धूर आवरा म्हणाल तर ऊसकऱ्याच्या पोटावर पाय येईल,’ हा आक्षेप ठरलेला आहे. कारखाना बंद करा असें कोण म्हणतो? राख अडविणारीं यंत्रें गाळपाच्या संबंध हंगामांत चालूं ठेवा आणि त्यांची तपासणी आगाऊ न कळवितां होऊं द्या, एवढेंच मागणें आहे. शेतकऱ्यानेंही पाचट सरींत कुजविलें तर तें जमिनीच्या पोटांत जातें. पेटविलें तर आपल्याच मुलांच्या छातींत. मात्र मजूर व यंत्र यांचा खर्च त्या एकट्यावर टाकून त्यास दोष देणें अन्यायाचें होय. त्या खर्चाचा भार कोण उचलणार, हेंही उमेदवारानें सांगावें.

तेव्हां पुढील खेपेस मत मागावयास येणाऱ्यास स्वच्छ हवा हवी कीं नको, हें विचारूं नका. आपल्या पक्षाच्या माणसाचा कारखाना दोषी ठरला तर दंडाच्या बाजूनें उभे राहाल काय, एवढें विचारा; आणि उत्तर ‘बघूं’ असें आलें, तर तें ‘नाहीं’ असेंच समजा.